पळसाला मिनिटं तीन

जगात समाधानी माणसं पुष्कळ आहेत. दूध नासलं तर कोरा चहा पिऊन खूश राहणारे आहेत, एस.टी. चुकली तर पुढच्या गाडीला खिडकी मिळेल म्हणून स्टँडवर पेपर उघडून बसणारे आहेत. पण घरात रेकॉर्ड वाजवायचं यंत्र आहे आणि मन तृप्त आहे, असा माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही. त्याला विचारा, "काय, कसं वाजतंय?" तो सांगेल, "वाजतंय तसं बरं, पण..." या 'पण'मध्ये सव्वाशे वर्षांचा इतिहास भरलेला आहे. पण सुई बदलायला पाहिजे. पण आर्म जरा जड पडतोय. पण खालचं टेबलच हलतं हो, शिसवी पाहिजे होतं.

असे दोन शौकीन एकत्र आले तर "काल काय ऐकलंत?" असं एकमेकांना विचारत नाहीत. "काट्रिज कुठलं?" असं विचारतात. मग एक दुसऱ्याच्या घरी जातो, दोघे मिळून एकाच गाण्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा सात वेळा वाजवतात, आणि तबल्याची चाट आता सुटी ऐकू येते की नाही यावर चर्चा करतात. अंतऱ्यापर्यंत गाणं पोचतच नाही. गायकाचं नाव तर फार पुढची गोष्ट.

हा आजार मुंबई-पुण्याचा, असा एक गैरसमज आहे. बीड जिल्हा म्हटलं की लोकांना दुष्काळ आठवतो, ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या आठवतात, फार झालं तर सीताफळ आठवतं. ग्रामोफोन कुणालाही आठवत नाही. म्हणून या रोगाचा थोडा इतिहास, आमच्या बाजूनं, सांगून ठेवावा म्हणतो. त्यात एक गोम आहे, ती ओघानं येईलच.

सुरुवात एका कुत्र्यापासून करावी लागते. 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या तबकडीवर कर्ण्यासमोर मान तिरपी करून बसलेला तो कुत्रा. त्याचं नाव निपर. तो १८९५ साली वारला. फ्रान्सिस बॅरो नावाच्या चित्रकारानं त्याचं चित्र काढलं तेव्हा त्याच्यासमोर होता तो एडिसनच्या पद्धतीचा, नळकांड्यावर चालणारा फोनोग्राफ. हे चित्र घेऊन बॅरोसाहेब १८९९ साली लंडनच्या ग्रामोफोन कंपनीत गेले. कंपनी तबकड्यांचं यंत्र विकणारी. मॅनेजर म्हणाला, चित्र घेतो, पण ते नळकांडं पुसून तिथं आमचं यंत्र काढून द्या. बॅरोनं ब्रश घेतला, जुन्या यंत्रावर रंग चढवला आणि वर नवं यंत्र काढलं. कुत्रा होता तिथंच राहिला. जगातली ही बहुधा पहिलीच 'सेट बदलण्याची' नोंद असावी, आणि ती सुद्धा तेलरंगात!

पण इथेच ती गोम आहे. एडिसनच्या नळकांड्यावर घरच्या घरी आवाज भरता येत असे. मालकानं त्यात बोलावं आणि कुत्र्यानं ऐकावं, हे शक्य होतं. तबकडीच्या यंत्रात ती सोय नव्हती. त्यावर फक्त कंपनीनं भरलेलं वाजायचं. म्हणजे यंत्र सुधारलं, चित्र गाजलं, आणि मालकाचा आवाज मात्र रंगाच्या थराखाली गेला. कुत्रा बिचारा अजून कान देऊन बसलेला आहे. यंत्र सुधारलं की कुणाचा तरी आवाज बंद होतो, हा या इतिहासातला पहिला धडा. तो आम्ही शौकिनांनी पुढे वारंवार गिरवला.

१९०२ साली फ्रेड गायसबर्ग हा कंपनीचा माणूस कलकत्त्याला आला आणि त्यानं गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपता संपता बाई इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. त्याचं कारण असं, की मुद्रित केलेले साचे जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तबकड्या तिथं छापून परत येत. तिथल्या कामगाराला तोडी काय आणि टप्पा काय, सारखंच. कुणाचं लेबल कुठं चिकटवायचं हे त्याला कळावं म्हणून ही नावाची हाक. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि गाण्याची ही विलायतवारी थांबली.

आता ही तबकडी कशाची? अंदाजे पाव हिस्सा लाख, तीही कधी कमी. बाकी दगडाची पूड, थोडा सुताचा कीस आणि रंगाला काजळी. म्हणजे हैदराबादहून बायका बांगड्या आणत ती लाख, शाळेत पोरं अक्षरं गिरवत ती दगडी पाटी आणि देवघरातल्या समईची काजळी, एवढं एकत्र कुटलं की तबकडी झाली. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम असल्या झाडांवर राहणाऱ्या एका किड्याचा चीक. जगाला लाख पुरवायची ती मुख्यतः हिंदुस्थाननं. त्यामुळे इटलीचा कारुसो असो की आपले बालगंधर्व, दोघेही एकाच किड्याच्या भरवशावर गात होते. पळस आमच्या बालाघाटच्या डोंगरातही भरपूर. लाखेचा धंदा मात्र छोटा नागपूर आणि बंगालकडचा. आमच्याकडे पळस फक्त म्हणीत आणि पत्रावळीत उपयोगी पडायचा.

तरी ती म्हण इथं चपखल बसते. कुठंही जा, पळसाला पानं तीनच. तसंच पळसाच्या लाखेच्या तबकडीला मिनिटं तीन. फार तर सव्वातीन. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर याहून जास्त गाणं मावत नसे. ज्या बुवांना नुसता षड्ज जमवायला वीस मिनिटं लागायची, त्यांना तीन मिनिटांत आलाप, बंदिश, ताना आणि समेवर येणं, एवढा संसार उरकावा लागे. त्यातून १९२५च्या सुमाराला विजेवरचं मुद्रण येईपर्यंत मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून ओरडावं लागे. अशा अवस्थेतही ज्यांनी गाणं सांभाळलं त्यांना मी मनातल्या मनात नमस्कार करतो. आपल्याला तीन मिनिटांत धड निरोपही सांगता येत नाही.

आता हे यंत्र बीडला आलं कसं? बीड शहराला रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. परळीला ती निजामाच्या राज्यातच आलेली होती, पण परळीहून बीड म्हणजे पुन्हा खडखडाट आलाच. ग्रामोफोननं रेल्वेची वाट पाहिली नाही, हे बरं केलं. नगर-सोलापूर इंग्रजांच्या मुलखात, बीड निजामाच्या मुलखात. मध्ये सरहद्द. सरहद्दीवर जकातीचं खातं, त्याला आमच्याकडे 'करोडगिरी' म्हणत. तिकडे कलदार रुपया, इकडे हाली सिक्का. सहा कलदारांना साधारण सात हाली मोजावे लागत. म्हणजे नगरच्या दुकानात पेटी पाहिली तेव्हा एक भाव, मनातल्या मनात हालीत केला की दुसरा, आणि नाका ओलांडला की तिसरा. "इसमें क्या है?" असं नाक्यावरच्या कारकुनानं विचारलं असेल आणि "गाना" असं उत्तर मिळालं असेल, तर त्यावर करोडगिरी किती बसवायची हा पेच त्याला नक्कीच पडला असणार.

शाळामास्तरांच्या महिन्याच्या पगारात काही ही पेटी येत नसे. त्यामुळे गावात पेट्या मोजक्याच. वकिलाच्या नाहीतर देशमुखांच्या वाड्यात एखादी, बाजारपेठेतल्या हॉटेलात एखादी. सहकाराची चळवळ आमच्या जिल्ह्यात साखर कारखान्यांबरोबर आली, असं लोक समजतात. मला ते मान्य नाही. पेटी एकाची, रेकॉर्डी दुसऱ्याच्या, सुयांची डबी तिसऱ्याची आणि चावी फिरवायला चौथ्याचा मुलगा, हा सहकार त्याच्या कितीतरी आधीचा. पुरुष ओट्यावर, बायका माजघराच्या दाराआड, पोरं जोत्यावर आणि ज्यांना बोलावलेलं नाही ते भिंतीपलीकडे. कर्णा कुणीकडे तोंड करून ठेवायचा यावर मानापमान होत. रेकॉर्ड उसनी नेण्याची पद्धत होती. साखर उसनी नेली तर वाटीभर परत येते. रेकॉर्ड उसनी नेली तर तीही परत येई, पण कडेचा एक टवका शेजाऱ्याकडेच राहत असे. पहिले दोन स्वर गेले तरी पुढचं गाणं शाबूत आहे, या आनंदात लोक ती वाजवत.

यंत्र सुधारण्याचा नाद तेव्हाही होता. फक्त सुधारायला जागा कमी होती. आवाज लहान-मोठा करायला बटण नव्हतं. सुई बदलायची. जाड सुई घातली की आवाज मोठा, बारीक घातली की नाजूक. लाउड, मीडियम आणि सॉफ्ट अशा सुया पत्र्याच्या डब्यांतून मिळत. अंबाजोगाईला मराठवाड्याचं पुणं म्हणतात, आणि पुणं म्हटल्यावर दोन तट आलेच. एक जाड सुईवाल्यांचा, एक बारीक सुईवाल्यांचा. जाड सुईवाल्यांचं म्हणणं, गाणं गल्लीच्या टोकाला पोचलं पाहिजे. बारीक सुईवाल्यांचं म्हणणं, ते मनाला पोचलं पाहिजे. दोघांनाही शेजारी कंटाळलेले.

खरा नियम असा, की दर बाजूला नवी सुई. तबकडीतली दगडाची पूड मुद्दामच घातलेली असे. तबकडी फिरता फिरता पोलादी सुई खाचेच्या मापानं झिजवून घेई. म्हणजे सुई गाण्याला घासायची की गाणं सुईला, हे सांगणं कठीण. आमच्याकडे दर बाजूला नवी सुई हा नियम 'दर घासाला नवं ताट' याच्याइतका उधळ्या मानला जाई. सुई अर्धी फिरवून पुन्हा लावायची, मग दगडावर घासून आणखी एकदा. विलायतेत याच काळात नादिष्टांचा कळस झाला होता. कॉम्प्टन मॅकेंझी या कादंबरीकारानं १९२३ साली 'ग्रामोफोन' नावाचं मासिकच काढलं, आणि त्याच सुमारास लंडनमध्ये कागदाच्या लगद्याचे अवाढव्य कर्णे बनवून देणारे कारागीर निघाले. त्या कर्ण्यांना पोलादी सुई चालत नसे. बांबूची नाहीतर झाडाच्या काट्याची सुई लागे, आणि साहेब लोक दर गाण्याआधी काट्याला टोक काढत बसत. ही बातमी आमच्याकडे वेळेवर पोचली असती तर बीड जिल्हा जगाच्या व्यापारात कुठल्या कुठे गेला असता. पाण्याचं दुर्भिक्ष आमच्याकडे असेल, काट्यांचं कधीच नव्हतं.

यंत्र बिघडलं की ते घड्याळ दुरुस्त करणाऱ्या चाचांकडे जाई. घड्याळातही स्प्रिंग, पेटीतही स्प्रिंग. पेटीतली फक्त दंडाएवढी. चाचा झाकण उघडून आत नाक घालत आणि विचारत, "इसमें तेल कौन डाल्या?" कुणीच कबूल होत नसे. "खोबरे का है. बालाँ को लगाते सो." मग ते खोबरेल पुसून चाचा स्प्रिंगला ग्रीस लावत आणि वेग सांभाळणारे ते तीन छोटे गोळे हलक्या बोटानं फिरवून बघत. चाचा शास्त्रीय गाणं शिकलेले नव्हते. पण गायक अर्ध्या स्वरानं खाली आलाय, हे ते गोळ्यांकडे बघून सांगत.

यात गंमत आहे, पण नुसती गंमत नाही. ज्या गावात उस्ताद येत नाहीत, नाटक कंपनी वर्षाकाठी एकदा आली तर आली, त्या गावात ही तीन मिनिटं म्हणजे गाण्याची शाळा होती. भीमसेन जोशी लहानपणी गदगला एका दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकून वेडे झाले आणि अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. कुमार गंधर्व तर बालवयात मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवत. एकलव्याला द्रोणाचार्यांचा मातीचा पुतळा पुरला, यांना लाखेची तबकडी पुरली. शिवाय तबकडी अंगठा मागत नाही. फक्त दर तीन मिनिटांनी चावी मागते.

मग आलं १९४८ साल. जूनमध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया कंपनीनं नव्या लाँग प्ले रेकॉर्डी पत्रकारांना दाखवल्या. मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. त्याच महिन्यात पुणे-नगर रस्त्यावर पहिली एस.टी. धावली. आणि सप्टेंबरात पोलीस कारवाई होऊन आमच्या डोक्यावरची निजामाची राजवट संपली. आम्हाला साहजिकच तिसऱ्या बातमीचा आनंद सगळ्यांत जास्त झाला. पहिलीचा पत्ताही नव्हता.

या लाँग प्लेच्या मुळाशीसुद्धा आपला किडाच होता. महायुद्धात हिंदुस्थानची लाख जहाजानं नेणं अवघड झालं, आणि लाख दारूगोळ्याच्या कामीही लागायची. अमेरिकेच्या सरकारनं १९४२ साली रेकॉर्ड कंपन्यांची लाख सत्तर टक्क्यांनी कापली. लाखेला पर्याय म्हणून विनाइलवर प्रयोग चाललेच होते, त्यांना जोर आला. नव्या मालावर खाच फार बारीक काढता येई आणि खरखर कमी. वीस मिनिटं मिळाल्यावर बुवांना पुन्हा षड्ज जमवायला फुरसत सापडली. ही सुधारणा खरीच मोठी, तिला नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

आमच्याकडे ती यायला वीज यावी लागली. परळीचं औष्णिक वीज केंद्र १९७१ साली सुरू झालं. वीज जिल्ह्यातच तयार होऊ लागली, तरी 'दिव्याखाली अंधार' ही म्हण काही रद्द झाली नाही. संध्याकाळी गावात सगळ्यांनी दिवे लावले की व्होल्टेज उतरायचं, त्याबरोबर साध्या मोटरीचा प्लेअर मंदावायचा आणि लताबाईंच्या गाण्यात हळूहळू तलत मेहमूद डोकावायला लागायचे. जुनी चावीची पेटी मात्र कोपऱ्यातून हे पाहत असायची. तिला व्होल्टेज माहीत नव्हतं.

तरी तो काळ मोठा बहारीचा. सुटकेससारखा बंद होणारा एच.एम.व्ही.चा फिएस्टा ज्याच्या हातात, तो माणूस गल्लीतून जरा सावकाश चालायचा. लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकरवाल्याचा थाट वरापेक्षा जास्त. कडुनिंबावर बांधलेला भोंगा, खाली अहुजाचा ॲम्प्लिफायर, शेजारी प्लेअर आणि रेकॉर्डींची पेटी. सुलोचना चव्हाणांची लावणी, प्रल्हाद शिंद्यांचं भक्तिगीत, १९७५ नंतर 'शोले'चे संवादसुद्धा. वरमाय रडत असताना मागून गब्बरसिंग हसतोय, असे प्रसंग घडत. सुई उडी मारू लागली की लाउडस्पीकरवाला खिशातून चार आण्याचं नाणं काढून आर्मवर ठेवायचा. हा उपाय वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरापासून सायकलच्या दुकानातल्या पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक होता. चार आणे ३० जून २०११ नंतर चलनातून गेले. पण पुष्कळ घरांत एक नाणं प्लेअरच्या झाकणाखाली अजून नोकरीवर असेल.

त्या साध्या प्लेअरांत एक माणुसकी होती, ती सांगायलाच हवी. त्यांना बहुधा चार वेग असत: सोळा, तेहतीस, पंचेचाळीस आणि अठ्ठ्याहत्तर. आणि आर्मच्या टोकाला एक छोटा खटका. तो फिरवला की सुई पालटायची. एका अंगाला लाँग प्लेची, दुसऱ्या अंगाला जुन्या लाखेच्या तबकडीची. कारण दोन्हींच्या खाचा वेगळ्या. जुनीला लागते साधारण पंचाहत्तर मायक्रॉन टोकाची सुई, नवीला अठरा ते पंचवीस मायक्रॉनची. बारीक सुई जुन्या खाचेत घातली तर ती तळाला लोळते आणि गाण्याऐवजी धूळ वाचते. एकाच घरात सासू आणि सून दोघींचं ऐकणारा तो खटका होता. खटका फिरवला की सासू बोलायची, पुन्हा फिरवला की सून.

मग शौकीन शहाणे झाले. स्टीरिओ आला, चुंबकी काट्रिज आलं. जुन्या पेटीचा साउंडबॉक्स तबकडीवर शंभर-सव्वाशे ग्रॅमचं वजन टाकी. नवं काट्रिज दीड-दोन ग्रॅमवर आलं. १९७२ साली टेक्निक्सचा एस.एल. १२०० आला. पट्टा नाही, रबराचं चाक नाही, मोटरीवरच ताटली. पुढे जगभर त्याची पूजा झाली. आमच्याकडे आखातात नोकरीला गेलेल्यांच्या सामानातून असली यंत्रं येत, आणि पोरं त्यांना हात न लावता प्रदक्षिणा घालत. पण त्या मूळ यंत्रावर वेग दोनच: तेहतीस आणि पंचेचाळीस. अठ्ठ्याहत्तर गाळलेला. इतकं अचूक, इतकं देखणं, इतकं महाग, आणि बालगंधर्वांनी ऐन उमेदीत गायलेलं त्यावर वाजत नाही! कुत्र्याच्या चित्रावरचा रंगाचा दुसरा थर तो हाच.

लाखेच्या तबकड्या मग माळ्यावर गेल्या. तिथून काही भंगारात गेल्या. काही घरांतून गरम पाण्यात मऊ करून त्यांना वाटीचा आकार दिला गेला आणि त्यांत कापडी फुलं उभी राहिली. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. वाजवायला यंत्र नाही म्हटल्यावर तबकडी म्हणजे एक काळं जड ताट. ऐंशीच्या दशकात कॅसेटींनी लाँग प्लेलाही तेच दिवस दाखवले. मग सी.डी.नं कॅसेटला, मग मोबाइलनं सी.डी.ला. सासूची सून होते आणि सुनेची सासू, तसंच हे.

आणि आता चाक उलटं फिरलंय. २०२० साली अमेरिकेत रेकॉर्डींच्या विक्रीचे पैसे सी.डी.च्या पुढे गेले, १९८६ नंतर पहिल्यांदा. मुंबईतलं 'ऱ्हिदम हाउस' २०१६ साली बंद झालं तेव्हा ज्यांनी हळहळून लेख लिहिले, त्यांचीच मुलं आता रेकॉर्डी विकत घेताहेत. बीडमध्येही नवा टर्नटेबल घेतलेली घरं आहेत. आमच्या ओळखीच्या एका घरात नातवानं असं यंत्र मागवलं. पातळी बघायला त्यावर गवंड्याचं पाण्याचं लेव्हल ठेवलं, दीड ग्रॅमचं वजन इवल्याशा काट्यावर तोललं, रेकॉर्ड पुसायचं औषध आणलं. आजीनं माळ्यावरून आपली तबकडी काढायला लावली. यंत्रावर बटणं दोन. नातवानं आजीला मायक्रॉनचा हिशेब समजावून सांगितला. आजी शांतपणे म्हणाली, "एवढे पैसे घातलेस, अन् गंधर्व वाजत नाहीत होय त्याच्यावर?"

आजचा सगळा शौक या एका प्रश्नासमोर उभा केला पाहिजे असं मला वाटतं. कारण माळ्यावरचा तो गठ्ठा नुसती आठवण नाही. कितीतरी जुन्या गाण्यांचे मूळ धातूचे साचे कधीच मोडीत निघाले. ते गाणं आज जगात कुठं असलंच तर कुणाच्या तरी माळ्यावर आहे. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' निघाली. डॉ. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्यासारख्या मंडळींनी जुन्या तबकड्या धुंडाळल्या, याद्या केल्या, गावोगाव त्या ऐकवल्या. हे लोकही सुई बदलतात, पण उलट्या दिशेनं. नव्या रेकॉर्डीसाठी नवी सुई घेणारे पुष्कळ. जुन्या खाचेत नेमकी बसेल अशी सुई शोधत हिंडणारे थोडे.

म्हणून ज्यांना यंत्र सुधारायचंच आहे (आणि ते कुणाचं ऐकणार नाहीत, हे मला माहीत आहे) त्यांना दोन गोष्टी सांगतो. घेताना वेग तीन आहेत ना, एवढं बघा, आणि जुन्या मापाची एक सुई जास्त घ्या. सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरीला जेवढे पैसे मोजता, त्याच्या मानानं ती स्वस्तच पडेल. दुसरं म्हणजे ते रेकॉर्ड पुसायचं औषध लाखेच्या तबकडीपासून दूर ठेवा. अशा औषधात बहुधा अल्कोहोल असतं, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. पॉलिश करणाऱ्या सुताराला विचारा, तो स्पिरिटमध्ये लाखच विरघळवत असतो. शंभर वर्षं उंदीर, ऊन आणि उसनवारी सोसलेला आवाज आपल्या स्वच्छतेच्या हौसेपायी एका पुसण्यात जायचा. साधं पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं आणि मधलं लेबल कोरडं, इतकं पुरे. मग तबकड्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. पापडांचीही आपण याहून जास्त काळजी घेतो.

आजीच्या नातवानं पुढे काय केलं, हे विचाराल तर सांगतो. त्यानं जुन्या बाजारातून एक मोडका चार वेगांचा प्लेअर पैदा केला. त्याच्या रबरी चाकासाठी सायकलची ट्यूब कापली. चाचा आता नाहीत, त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो, पण त्यानं दुकानाच्या मागल्या फळीवरून वडिलांची सुयांची डबी शोधून दिली. ती या प्लेअरला काही लागू पडली नाही. मग पंचाहत्तर मायक्रॉनची सुई टपालानं आली. गाणं लागलं तेव्हा खरखर पुष्कळ होती, कडेचा टवका उडालेला होता आणि पहिले दोन स्वर आलेच नाहीत. आजी म्हणाली, "ते शेजारच्या घरी राहिलेत." मग तीन मिनिटं कुणी काही बोललं नाही.

गाणं संपल्यावर नातू म्हणाला, "आजी, आवाज बरा आलाय, पण..."